सौर पॅनेलांचे धातूचे सांगाडे : गंजण्याची मीमांसा व प्रतिबंध

सिलिकॉनच्या घटाने सूर्यप्रकाशापासून उपयोगी पडेल इतकी वीज मिळते, हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ च्या एप्रिल महिन्यात जगापुढे मांडले. त्यानंतर बराच काळ हे घट कृत्रिम उपग्रह आणि दूरवरची ठाणी यांपुरतेच मर्यादित होते. आज ते सामान्य घराच्या छपरावर आले आहेत. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या सूर्यघर योजनेचे उद्दिष्टच मुळी १ कोटी घरांचे आहे. या घटांच्या कार्यक्षमतेविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु ज्या धातूच्या सांगाड्यावर पॅनेल उभे असते त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी उत्पादक सामान्यतः २५ वर्षांची देतात. सांगाडा तितकी वर्षे टिकेल किंवा नाही, हा प्रश्न मात्र बहुधा कारागिराच्या अनुभवावर सोपविला जातो.

हा प्रश्न केवळ डागाळलेल्या पत्र्याचा नाही. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर वेगाच्या वाऱ्याचा गतिज दाब दर चौरस मीटरला सुमारे ६५० न्यूटन भरतो. दोन चौरस मीटरच्या पॅनेलवर हाच दाब खालून वर लागू झाला, तर त्याला उचलू पाहणारे बल सुमारे १३० किलोग्रॅम वजनाइतके होते. पॅनेलचे स्वतःचे वजन २० ते २५ किलोग्रॅमच्या आसपास असते. उरलेला सर्व भार चार पकडींवर आणि त्यांतील बोल्टांवर पडतो. बोल्टाच्या सभोवारचा धातू आतून पोखरला गेला असेल, तर ती गोष्ट शांत हवेत कळत नाही. वादळाच्या दिवशी ती कळते.

प्रस्तुत लेखात या गंजण्याची कारणे तपासली आहेत. रत्नागिरी, मालवण, अलिबाग यांसारख्या किनारी गावांतील पन्हळी पत्र्याचे छप्पर, त्यावर जस्तलेपित पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमच्या चौकटीचे पॅनेल आणि या सर्वांना जोडणारे अगंज पोलादाचे नट-बोल्ट, अशी रचना विवेचनासाठी गृहीत धरली आहे. देशावरील कारखान्यांच्या छपरांनाही हेच नियम लागू पडतात. भेद आहे तो केवळ वेगाचा.

घटाची चार अंगे

दोन भिन्न धातूंच्या चकत्यांमध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कापड ठेवून व्होल्टाने १८०० साली विजेचा अखंड प्रवाह निर्माण केला. छपरावर दोन धातू एकमेकांस टेकतात आणि त्यांच्यावर खारट पाण्याचा पातळ थर बसतो, तेव्हा हाच प्रयोग नकळत पुन्हा घडत असतो. फरक एवढाच, की येथे बाहेरची तार नसते. धातू परस्परांस प्रत्यक्ष टेकलेले असल्यामुळे घट जन्मतःच लघुमंडलित असतो.

अशा घटाला चार अंगे असतात. पहिले अंग म्हणजे विरघळणारा धातू. त्याचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनरूपाने द्रवात उतरतात. या अंगास धनाग्र म्हणतात. दुसरे अंग म्हणजे ऋणाग्र. त्याच्या पृष्ठावर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो व हायड्रॉक्सिल आयन तयार होतात. तिसरे अंग म्हणजे इलेक्ट्रॉनांना एका धातूकडून दुसऱ्याकडे नेणारी धातूची वाट. चौथे अंग म्हणजे आयनांना वाहून नेणारी पाण्याची वाट, म्हणजेच विद्युत् विच्छेद्य. यांपैकी कोणतेही एक अंग काढून घेतले, की घट थांबतो. गंजण्यास प्रतिबंध करण्याची सारी विद्या अखेरीस या चारांपैकी कोणते अंग तोडावयाचे, या एका निवडीत सामावलेली आहे.

झीज किती होते, हे फॅराडेच्या नियमावरून काढता येते. दर चौरस सेंटिमीटरला अवघा १ मायक्रोॲम्पिअर प्रवाह वर्षभर वाहिला, तर लोखंडाचा सुमारे १२ मायक्रॉन, ॲल्युमिनियमचा सुमारे ११ मायक्रॉन आणि जस्ताचा १५ मायक्रॉन थर नाहीसा होतो. साध्या मापकाला जाणवणारही नाही इतका हा प्रवाह आहे. तथापि २५ वर्षांच्या हिशेबात तो जस्ताच्या कोणत्याही नित्याच्या लेपाला पुरून उरतो.

वर्चसांच्या कोष्टकाची मर्यादा

कोणता धातू विरघळेल, हे ठरविण्यासाठी विद्यार्थी प्रथम प्रमाण विद्युत् अग्र वर्चसांचे कोष्टक उघडतो. त्यात ॲल्युमिनियम −१·६६, जस्त −०·७६, लोखंड −०·४४ आणि तांबे +०·३४ व्होल्ट असे आकडे आढळतात. त्यांवरून ॲल्युमिनियम हा जस्ताच्या मानाने फारच क्रियाशील ठरतो. जस्तलेपित सांगाड्यावर ॲल्युमिनियमची चौकट ठेवली, तर चौकट झपाट्याने नष्ट होईल, असा निष्कर्ष त्यातून निघतो. प्रत्यक्षात असे घडत नाही.

याचे कारण असे, की प्रमाण वर्चस हे शुद्ध धातू आणि त्याच्याच आयनांचा ठराविक संहतीचा विद्राव यांच्यातील समतोलाचे असते. हवेतील ॲल्युमिनियम मात्र कधीच उघडा नसतो. त्याच्यावर ऑक्साइडाचे घट्ट पटल असते आणि धातूचे वर्तन त्या पटलावर अवलंबून राहते. म्हणून समुद्रकाठच्या रचनांसाठी समुद्राच्या पाण्यात प्रत्यक्ष मोजलेली श्रेणीच प्रमाण मानावी लागते. संपृक्त कॅलोमेल अग्राच्या संदर्भात त्या श्रेणीत जस्त सुमारे −१·० व्होल्ट, ॲल्युमिनियमचे मिश्रधातू साधारणपणे −०·७५ ते −१·० व्होल्ट, सौम्य पोलाद −०·६ ते −०·७ व्होल्ट, तांबे −०·३ व्होल्टच्या आसपास आणि निष्क्रिय अवस्थेतील अगंज पोलाद −०·१ व्होल्टच्या जवळपास आढळते.

या श्रेणीतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. जस्त व ॲल्युमिनियम एकमेकांच्या निकट आहेत. त्यामुळे जस्तलेप शाबूत असेपर्यंत त्यांचा संयोग बव्हंशी निरुपद्रवी असतो, आणि झीज झालीच तर ती जस्ताची होते. दुसरे असे, की जस्त संपून खालचे पोलाद उघडे पडले, की भूमिका पालटतात. आता पोलाद ऋणाग्र होते आणि ॲल्युमिनियमची चौकट धनाग्र होते. म्हणजे आज सुरक्षित असलेला जोड काही वर्षांनी आपोआप घातक होऊ शकतो, आणि त्याचा मुहूर्त जस्ताच्या जाडीवर अवलंबून असतो. तिसरे असे, की अगंज पोलाद व तांबे हे दोन्ही धातू ॲल्युमिनियमपासून फार दूर आहेत. त्यांच्या संयोगाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

क्षेत्रफळांचे प्रमाण

वर्चसातील अंतर हे घटाला ढकलणारे बल होय. झीज किती खोल जाईल, हे मात्र दोन्ही धातूंच्या क्षेत्रफळांच्या प्रमाणावरून ठरते. ऑक्सिजनाच्या क्षपणाचा वेग ऋणाग्राच्या ओल्या पृष्ठाच्या प्रमाणात असतो, आणि त्यातून उद्भवणारा सर्व प्रवाह धनाग्राला पुरवावा लागतो.

उदाहरणादाखल ऋणाग्रावर दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोॲम्पिअर प्रवाह निर्माण होतो असे मानू. अगंज पोलादाच्या १०० चौरस सेंटिमीटर पट्टीत ॲल्युमिनियमचे १ चौरस सेंटिमीटर डोक्याचे रिव्हेट बसविले, तर १०० मायक्रोॲम्पिअरचा सर्व भार त्या एका रिव्हेटावर पडतो. त्याची झीज वर्षाला सुमारे १·१ मिलिमीटर होईल. उलट ॲल्युमिनियमच्या १०० चौरस सेंटिमीटर पट्टीत अगंज पोलादाचा १ चौरस सेंटिमीटर डोक्याचा बोल्ट बसविला, तर १ मायक्रोॲम्पिअरचा भार १०० चौरस सेंटिमीटरांवर विभागला जातो. तेव्हा झीज वर्षाला ०·१ मायक्रॉन होईल. धातू तेच, पाणी तेच, आणि झिजेत १०,००० पटींचा फरक. ॲल्युमिनियमच्या चौकटीला अगंज पोलादाचे बोल्ट चालतात, पण पोलादाच्या पट्टीला ॲल्युमिनियमची रिव्हेटे चालत नाहीत, या कारागिरांच्या नियमामागील गणित हेच होय.

हे गणित समुद्राने फार पूर्वी शिकविले आहे. इंग्रजी आरमारातील अलार्म या लढाऊ जहाजाच्या तळाला १७६१ साली तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकण्यात आले. १७६३ मध्ये जहाज तपासले, तेव्हा खिळे कुजून पत्रे ठिकठिकाणी सुटलेले आढळले. विशाल ऋणाग्र आणि चिमुकले धनाग्र, असा तो जोड होता. तथापि काही खिळे जवळजवळ जसेच्या तसे राहिले होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचा तुकडा त्या खिळ्यांखाली राहून गेला होता. त्या कागदाने लोखंडाला तांब्यापासून अलग ठेवले होते. पुढे १८२४ साली हंफ्री डेव्हीने याच तत्त्वाची दुसरी बाजू रॉयल सोसायटीपुढे मांडली. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडले असता तुकडे झिजतात आणि तांबे वाचते, हे त्याने दाखविले. पोलादावरील जस्ताचा लेप ओरखडा पडल्यावरही पोलादाचे रक्षण का करतो, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

मात्र क्षेत्रफळाच्या नियमाला छपरावर एक मर्यादा पडते. बुडालेल्या जहाजाभोवती पाणी अथांग असते, छपरावर ते पातळ पटलाच्या रूपाने असते. समुद्राच्या पाण्याची विशिष्ट रोधकता सुमारे ०·२ ओहम-मीटर असते. त्याच्या १ सेंटिमीटर घनाचा रोध २० ओहम भरतो. तेच पाणी १०० मायक्रॉन जाडीच्या पटलात पसरले, तर तितक्याच लांबी-रुंदीला रोध २,००० ओहम होतो, आणि १० मायक्रॉनच्या पटलात २०,००० ओहम. म्हणून पातळ पटलातील प्रवाह दूरवर पोहोचत नाही. झीज जोडाच्या कडेलगतच्या काही मिलिमीटर पट्ट्यात एकवटते. यात हानी व लाभ दोन्ही आहेत. हानी अशी, की जेथे बोल्टाचा ताण असतो नेमक्या तेथेच धातू खंगतो. लाभ असा, की दोन धातूंमध्ये थोडेसे अंतर निर्माण करता आले, तरी घट जवळजवळ थांबतो. या लाभाचा विचार पुढे केला आहे.

पॅनेलखालची हवा

चौथे अंग जे पाणी, ते कोठून येते? पावसातून, असे उत्तर सहज सुचते. परंतु ते अपुरे आहे. वातावरणातील गंजण्याचा अभ्यास करणाऱ्या व्हर्ननने १९३० च्या सुमारास दाखविले, की हवेची सापेक्ष आर्द्रता एका ठराविक मर्यादेपलीकडे गेली, की पाऊस नसतानाही गंजण्याचा वेग एकदम वाढतो. धातूवर मीठ असेल, तर ही मर्यादा खाली येते. शुद्ध सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतील बाष्प ओढून द्रवरूप होते. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि त्याला तर सुमारे ३३ टक्के आर्द्रता पुरते. कोकणातील हवा वर्षाचा बराच काळ या मर्यादेच्या वर असते. याचा अर्थ, खारे वारे पिणारा सांगाडा ऐन उन्हाळ्याच्या रात्रीही ओला असतो. डोळ्यांना ते पाणी दिसत नाही इतकेच.

त्यात पॅनेलची स्वतःची भर पडते. उघड्या पत्र्यावरचे मीठ मृगाच्या सरींनी धुऊन जाते. पॅनेलच्या आडोशाला असलेला सांगाडा मात्र ह्या धुण्याला मुकतो. वारा तेथे मीठ आणून टाकतो, आणि पाऊस ते नेत नाही. शिवाय निरभ्र रात्री पॅनेल आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून सभोवारच्या हवेहून थंड होते, त्यामुळे त्यावर व चौकटीवर दव जमते. आडोशाच्या या जागा गंजण्याच्या दृष्टीने उघड्या जागांपेक्षा अधिक वाईट ठरू शकतात, हा अनुभव आंतरराष्ट्रीय मानकांतही नमूद झाला आहे. सांगाड्याची पाहणी वरून करणारा निरीक्षक म्हणूनच फसतो.

सर्वांत चिवट ओल असते ती फटींमध्ये. दोन पट्ट्यांच्या मधे, वॉशरखाली, पकडीच्या आतील बाजूस शिरलेले पाणी सहसा वाळत नाही. केंब्रिज येथील युलिक इव्हान्सने १९२० च्या दशकात दाखवून दिले, की अशा ठिकाणी दोन भिन्न धातूंचीही आवश्यकता नसते. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन मुबलक व आत दुर्मिळ, एवढ्या भेदानेच एकाच धातूचे दोन भाग धनाग्र व ऋणाग्र बनतात, आणि झीज आतल्या बाजूस होते. सर्व सांगाडा एकाच धातूचा केला म्हणजे प्रश्न मिटला, ही समजूत यामुळे टिकत नाही.

जस्ताचा हिशेब

फ्रान्समधील सोरेलने १८३७ साली पोलाद वितळलेल्या जस्तात बुडवून लेप देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. आजही पोलादी सांगाड्यांची मुख्य भिस्त याच लेपावर आहे. मात्र 'जस्तलेपित' हा एकच शब्द फार भिन्न प्रतींच्या मालाला लावला जातो. तयार भाग वितळलेल्या जस्तात बुडवून घेतल्यास आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ६ मिलिमीटरहून जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉन, ३ ते ६ मिलिमीटर जाडीवर ७० मायक्रॉन आणि १·५ ते ३ मिलिमीटर जाडीवर ५५ मायक्रॉन लेप अपेक्षित असतो. याउलट गिरणीतच लेप दिलेल्या पत्र्यापासून वाकवून केलेल्या पट्टीवर लेप बराच पातळ असतो. दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम असा आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असतो. एका बाजूस तो १९ मायक्रॉनच भरतो. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर तर एका बाजूस ८ मायक्रॉनांहून थोडे अधिक एवढाच लेप असतो. शिवाय अशा पट्टीच्या कापलेल्या कडा आणि मागाहून पाडलेली भोके उघडीच राहतात.

वातावरणाची क्षरणशीलता आंतरराष्ट्रीय मानकात श्रेणींनी सांगतात. तिसऱ्या, म्हणजे मध्यम श्रेणीत जस्ताची पहिल्या वर्षाची झीज ०·७ ते २·१ मायक्रॉन असते. पाचव्या श्रेणीत ती ४·२ ते ८·४ मायक्रॉन असते. त्यापलीकडच्या, उष्ण व खाऱ्या किनाऱ्यांना लागू पडू शकणाऱ्या अखेरच्या श्रेणीत ती २५ मायक्रॉनांपर्यंत जाते. प्रत्येक श्रेणीची वरची मर्यादा धरून भागाकार केला, तर ८५ मायक्रॉनचा लेप मध्यम श्रेणीत ४० वर्षे आणि पाचव्या श्रेणीत १० वर्षे पुरतो. १९ मायक्रॉनचा लेप त्याच क्रमाने ९ आणि २ वर्षे पुरतो. झिजेचा वेग कालांतराने काहीसा मंदावतो, त्यामुळे हे आकडे कडक बाजूचे आहेत. तथापि २५ वर्षांच्या पॅनेलाखाली पातळ लेपाची पट्टी घालणे म्हणजे काय, हे त्यांवरून पुरेसे स्पष्ट होते. जस्त संपल्यावर भूमिका पालटतात हे वर सांगितलेच आहे. तेव्हा पट्टीबरोबर चौकटही धोक्यात येते.

भूसंपर्काचा पेच

आता मूळ निवडीकडे वळता येईल. चार अंगांपैकी कोणते तोडावे? अलार्म जहाजावरील कागदाने धातूची वाट तोडली होती. पाठ्यपुस्तकांतील नेहमीचा उपदेशही तोच आहे, की भिन्न धातूंमध्ये विद्युत् रोधक वॉशर घालावा. सौर सांगाड्याच्या बाबतीत मात्र हा उपदेश एका पेचात सापडतो.

पॅनेलांच्या मालिकेत कित्येक शे व्होल्टचा एकदिश दाब असतो. रोधन कोठे फाटले, तर चौकट जिवंत होते, आणि छपरावर चढलेल्या माणसाचा प्राण जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक चौकट व सांगाड्याचा प्रत्येक भाग परस्परांशी जोडून जमिनीशी जोडावा लागतो. व्यवहारात यासच अर्थिंग म्हणतात. गंजणे टाळण्यासाठी धातू अलग ठेवावेत, आणि जीव वाचविण्यासाठी ते जोडावेत, अशा परस्परविरोधी मागण्या येथे एकाच बोल्टापाशी येऊन भिडतात. चौकटीवरील ॲनोडीकरणाचे पटल स्वतःच विद्युत् रोधक असते. अर्थिंगसाठी दातेरी वॉशर वापरून ते मुद्दाम फोडावे लागते. म्हणजे रक्षक पटलाला भोक पाडूनच सुरक्षितता साधावी लागते.

काही ठिकाणी रोधक वॉशर घालून, नंतर चौकट व सांगाडा यांना अर्थिंगच्या तारेने जोडतात. त्यामुळे वॉशर निरर्थक झाला, असा आक्षेप वरवर पाहता रास्त वाटतो. धातूची वाट तारेतून पुन्हा पुरी झाली, हे खरेच आहे. परंतु वॉशराचे कार्य त्यामुळे संपत नाही. पातळ पटलाचा रोध अंतराबरोबर वाढतो, हे वर पाहिले. रुंद व पाणी न शोषणारा वॉशर दोन धातूंच्या ओल्या पृष्ठांना काही मिलिमीटर दूर सारतो, आणि आयनांची वाट लांब व अवघड करतो. छपरावरील वॉशर धातूची वाट तोडण्यासाठी नसून पाण्याची वाट तोडण्यासाठी आहे. इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी ठेवावी आणि आयनांना ती अडवावी, हे सूत्र एकदा मनात पक्के झाले, की सांगाड्याच्या रचनेतील बहुतेक नियम त्यातून आपोआप निष्पन्न होतात.

सूत्रातून निघणारे नियम

वॉशर पुरेसा रुंद हवा, आणि त्याच्या कडा धातूच्या बाहेर थोड्या डोकावल्या पाहिजेत. नमदा, चामडे, लाकूड यांसारखी ओल धरणारी द्रव्ये येथे घातक होत, कारण ती व्होल्टाच्या भिजलेल्या पुठ्ठ्याचेच काम करतात. काळ्या रबरात काजळी पुष्कळ असल्यास ते वीजवाहक होऊ शकते. म्हणून ते रोधमापकाने तपासून घेणे इष्ट. बोल्टाचे डोके अलग केले, पण दांडा भोकाच्या कडेस टेकला, तर पाण्याची वाट तेथेच पुरी होते. त्यासाठी भोकात नळीसारखे अस्तर घालावे लागते.

अर्थिंगचा जोड अल्पसंख्य, निश्चित आणि झाकलेला असावा. दातेरी वॉशर अगंज पोलादाचा असतो. त्याचे क्षेत्रफळ ॲल्युमिनियमच्या मानाने क्षुल्लक असल्यामुळे प्रमाण अनुकूल राहते. दात रुतल्यानंतर जोडाभोवती पाणी न शिरणारा लेप दिला, म्हणजे इलेक्ट्रॉन जातात व आयन अडतात. रंग द्यावयाचा झाल्यास तो दोन्ही धातूंना, आणि त्यातही ऋणाग्राला अगत्याने द्यावा. केवळ धनाग्र रंगविले, तर रंगाच्या एखाद्या छिद्रापाशी उघडा राहिलेला अल्पसा धातू सर्व प्रवाहाचा धनी होतो, आणि तेथे खोल खड्डा पडतो.

तांब्याची तार चौकटीला किंवा जस्तलेपित पट्टीला उघडी टेकू देऊ नये. कल्हई केलेली टोके वा द्विधातुक जोड वापरावे. तांब्यावरून वाहून आलेले पाणीदेखील निर्दोष नसते. त्यातील तांब्याचे आयन ॲल्युमिनियमवर तांब्याचे सूक्ष्म कण साचवितात, आणि प्रत्येक कण स्वतंत्र ऋणाग्र बनतो. यासाठी तांबे नेहमी ॲल्युमिनियमच्या खालच्या अंगास असावे.

सांगाड्याचे पाय सिमेंटात रोवावयाचे असल्यास ते ॲल्युमिनियमचे असू नयेत. ॲल्युमिनियमचे रक्षक पटल साधारणपणे ४ ते ८·५ या पीएच मर्यादेत टिकते. ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो, आणि त्यात हे पटल विरघळते. जस्तलेपित पोलाद तेथे पुष्कळच अधिक काळ टिकते.

तापमानामुळे होणारे प्रसरणही विसरता येत नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावतो. ६ मीटर लांबीच्या पट्ट्यांत ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने ॲल्युमिनियम सुमारे ५·५ मिलिमीटर व पोलाद सुमारे २·९ मिलिमीटर वाढते. हा फरक रोजच्या रोज जोडांवर घासला जातो, लेप खरवडतो आणि वॉशर झिजवितो. लांबट भोके व मधूनमधून सोडलेली मोकळीक यांचा उपयोग गंज टाळण्यासाठीही होतो तो असा. मोटारीच्या टपावरील कॅरिअरला पॅनेल जोडतात तेव्हा प्रसरणाची जागा कंप घेतो, आणि लेप त्याहून लवकर जातो.

शेवटी भोके पाडताना उडालेला पोलादाचा कीस तत्काळ झाडून टाकावा. तो पत्र्यावर राहिल्यास एका पावसात गंजतो, डाग पाडतो आणि खालच्या लेपाला ओल धरून ठेवतो. उघड्या पडलेल्या कडांवर जस्तयुक्त रंग देणे हेही त्याच दिवशीचे काम होय.

मोजमापाची आवश्यकता

वरील सर्व नियम गुणात्मक आहेत. एखाद्या विशिष्ट छपरावर किती जाडीचा लेप पुरेल, याचे उत्तर तेथील झीज मोजल्यावाचून देता येत नाही. किनाऱ्यापासूनचे अंतर, वाऱ्याची दिशा, झाडांचा आडोसा, छपराचा उतार यांनुसार एकाच गावात श्रेणी पालटू शकते. सुदैवाने हे मोजमाप पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. १०० गुणिले १५० मिलिमीटरची शुद्ध जस्ताची पट्टी स्वच्छ करून, तोलून, वर्षभर हवेत टांगावी. वर्षाअखेर तिच्यावरील क्षरणजन्य पदार्थ योग्य विद्रावाने काढून ती पुन्हा तोलावी. दोन्ही बाजू मिळून तिचे क्षेत्रफळ ०·०३ चौरस मीटर असते. १ मायक्रॉन झीज म्हणजे सुमारे ०·२१ ग्रॅम घट, आणि ०·१ मिलिग्रॅमपर्यंत तोलणाऱ्या तराजूला हे वजन मुळीच लहान नाही.

अशा पट्ट्या जोडीजोडीने लावणे अधिक उद्बोधक होईल. एक पट्टी उघड्या आकाशाखाली, दुसरी त्याच छपरावर पॅनेलच्या आडोशाला. दोन्हींच्या झिजेचे गुणोत्तर हाच त्या छपरासाठी उपयोगाचा आकडा होय. सरकारी व खाजगी कंत्राटांत पॅनेलची वॉटमधील शक्ती दशांशापर्यंत लिहिलेली असते. सांगाड्याविषयी मात्र पुष्कळदा 'जस्तलेपित' एवढाच शब्द असतो. त्या शब्दापुढे मायक्रॉनांचा आकडा आणि तो आकडा ज्या मोजमापावरून काढला त्याचे स्थळ व वर्ष लिहिले जाणे आवश्यक आहे.